गाळाने फोडलेले बॉयलर

मिसिसिपीवरच्या आगबोटी ज्या नदीतून चालत, तिचेच पाणी बॉयलरमध्ये भरत. नदी उथळ आणि ओढ जबर, म्हणून बोटीला हलके पण ताकदवान इंजिन लागे, आणि ते जास्त दाबाच्या वाफेवर चाले. वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करण्याची यंत्रणा जड पडे. त्यामुळे वाफ हवेत सोडत आणि बॉयलरला सतत नवे पाणी पाजत. ते पाणी असे गढूळ.

बोअरवेलचे पाणी रोज तापवलेल्या भांड्याच्या तळाशी पांढरे पुट धरते, तसे बॉयलरच्या आतही धरते. बॉयलरचा पत्रा टिकतो तो पलीकडचे पाणी त्याची उष्णता ओढून घेते म्हणून. मध्ये गाळाचा थर बसला की ती वाट बंद होते, लोखंड तापत जाते आणि मऊ पडते.

जुन्या बॉयलरमध्ये दोनच रुंद नळ असत आणि आत शिरून गाळ खरवडता येई. पुढे नळीदार बॉयलर आले. चुलीतला जाळ अनेक बारीक नळ्यांतून जाई, त्यामुळे कमी जागेत आणि कमी इंधनात वाफ जास्त मिळे. स्वच्छ पाण्यासाठी ही उत्तम रचना होती. मिसिसिपीत मात्र नळ्यांच्या दाटीत गाळ साचे आणि तो काढायला हात पोचत नसे.

१८६३ मध्ये बांधलेल्या ‘सुलताना’ या आगबोटीवर असे चार बॉयलर होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपत आले होते. अँडरसनव्हिल आणि कहाबा इथल्या दक्षिणेच्या युद्धकैदी छावण्यांतून सुटलेले उत्तरेचे सैनिक घरी जाण्यासाठी मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गला जमले होते. सरकार बोटवाल्यांना माणशी भाडे देत होते. बोटीला परवानगी ३७६ प्रवाशांची होती आणि चढले दोन हजारांहून अधिक. त्यातले कित्येक उपासमारीने इतके खंगले होते की त्यांना धड उभेही राहता येत नव्हते.

व्हिक्सबर्गच्याच धक्क्यावर ‘सुलताना’च्या एका बॉयलरचा पत्रा फुगून गळत असल्याचे आढळले होते. बॉयलर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला मोठी दुरुस्ती करायची होती. पण तेवढे थांबले असते तर सैनिक दुसऱ्या बोटीने गेले असते. म्हणून मूळ पत्र्यापेक्षा पातळ पत्र्याचे ठिगळ मारून बोट सोडली. माझ्या मते अपघात इथेच घडला. स्फोट फक्त पुढे झाला.

नदीला पूर होता आणि बोट प्रवाहाविरुद्ध चालली होती. एका मतानुसार, वरच्या डेकवरच्या गर्दीमुळे ती कलंडे, मग जोडलेल्या बॉयलरमधले पाणी एका बाजूला जाई आणि दुसरीकडचा पत्रा कोरडा तापे. बोट सरळ झाली की पाणी त्या तापल्या लोखंडावर परत येई.

दहा वातावरणांच्या आसपास दाब असला, तर पाणी सुमारे १८० अंशांनाही उकळत नाही. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याच्या साधारण सातव्या हिश्श्याची क्षणार्धात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. २७ एप्रिलच्या पहाटे दोनच्या सुमारास, मेंफिसच्या थोडे वर, ‘सुलताना’चे तीन बॉयलर फुटले. स्फोटातून वाचलेल्यांना मागून आग आणि पुढे हिमासारखे थंड पुराचे पाणी मिळाले. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. सर्वांत कमी अंदाजही अकराशेच्या वर जातो.

बॉयलरची तपासणी सक्तीची करणारा कायदा अमेरिकेत १८३८ पासूनच होता. नळीदार बॉयलरच्या आणखी बोटी १८६६ मध्ये फुटल्या, तेव्हा कुठे खालच्या मिसिसिपीवरून ते बॉयलर काढले गेले. ‘सुलताना’वर इतकी माणसे चढवल्याबद्दल एका लष्करी अधिकाऱ्यावर खटला चालला आणि तो दोषी ठरला, पण निकाल फिरवला गेला. शिक्षा अखेर कुणालाही झाली नाही.