रुमाल बाजूला करून विचारा

सोमवारी पेठ वडगावला जनावरांचा बाजार भरतो. अशा बाजारातला जुना सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार, बघ्यांना आकडा कळणार नाही. म्हशीच्या किमतीला ही रीत शोभते. जीव नकोसा झाल्याच्या गोष्टीवरही आपण तोच रुमाल टाकतो.

वडापमधून घरी परतताना एखादा म्हणतो, "आता बास झालं बघा. मी नसलो म्हंजे सुटतील घरातली." शेजारचा लगेच, "खुळ्यागत बोलू नगंस. चल, च्या पाजतो." माया खरी, पण बोलणं तिथंच मिटलं. त्यात ‘गरजेल तो पडेल काय’ ही म्हण आपल्या डोक्यात पक्की बसलेली. इथं ती साफ खोटी ठरते. आत्महत्येनं गेलेल्या पुष्कळांनी आधी कुणाजवळ तरी ते सुचवलेलं असतं.

म्हणून सुचवणं ओळखायचं. "मी सगळ्यांना ओझं झालोय" हे पालुपद. उडालेली झोप, एकाएकी वाढलेली दारू, माणसांतून उठणं. जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं, कारण नसताना निरवानिरव. आठवडाभर तळमळणारा माणूस अचानक शांत झाला, तरी हायसं वाटून घेऊ नये. आधी एकदा प्रयत्न झालेला असेल, तर जास्तच जपायचं. आणि कर्ज, आजारपण, भांडण यांतलं एकच कारण धरून बसू नये. बहुधा बऱ्याच गोष्टी साठत आलेल्या असतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्वाधिक. देशभरात दहातले सात पुरुष होते. ‘बाप्या माणूस, रडतोस काय’ ऐकत वाढलेले.

तर विचारायचं कसं? सरळ. "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही; बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ‘हो’ म्हणाला, तर पोराबाळांच्या शपथा घालू नका, ऐका. एकटं सोडू नका. घरातली शेतीची औषधं त्याच दिवशी शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा. ही उबळ ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो. श्रीलंकेनं 1995 पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी आणली. वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं.

फोन 14416. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा चोवीस तास, फुकट, मराठीतही. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धोका अगदी समोर असेल, तर 112 किंवा 108. ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं घरचे गप्प बसतात. पण 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

गावातल्या साध्या माणसाला हे जमतं का? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच लोकांना शिकवून कामाला लावलं होतं. अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेले 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचं सांगणारे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेला प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, त्यामुळं सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी आशा वर्करपासून दूध संस्थेच्या सेक्रेटरीपर्यंत कुणालाही शिकता येईल असं हे काम आहे.

एकदा विचारून मोकळं मात्र होता येत नाही. दवाखान्यातून आल्यावरचे दिवस नाजूक असतात. रविवारी रात्री फोन लावायचा, "उद्या बाजाराला येतोस न्हवं? वडापमधी तुजी जागा धरतो."