लंडनमधील प्रवास आणि विद्यार्थ्याची काटकसर

शिष्यवृत्तीवर लंडनला शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथील प्रवासाचे नियम आधी समजून घ्यावेत. कारण अज्ञानाचा भुर्दंड शिष्यवृत्तीतूनच भरावा लागतो.

तेथील बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. आपल्याकडील बँकेच्या कार्डावर परकीय चलनाचे शुल्क पडू शकते, म्हणून ऑयस्टर कार्ड बरे. बसमध्ये ते फक्त चढताना यंत्राला लावावे; भुयारी रेल्वेत मात्र आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. एकदा राहिले तर कमाल भाडे कापले जाते. पहिल्या बसनंतर तासाभरात त्याच कार्डावर दुसरी बस धरल्यास वेगळे भाडे पडत नाही.

अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांच्या ऑयस्टर ओळखपत्रावर पासात ३० टक्के सवलत मिळते. त्याचा अर्ज लांबणीवर टाकू नये. वाचलेला पैसा पुस्तकांच्या कामी येईल.