प्रजननाची संप्रेरके आणि मेंदूचे वार्धक्य

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. वय झाले की बुद्धी जायचीच, असे ती गृहीत धरते. वैद्यकशास्त्राला हे गृहीत मान्य नाही. ओळखीच्या माणसाचे नाव चटकन न आठवणे, चष्मा कोठे ठेवला ते विसरणे ही मेंदूच्या स्वाभाविक वार्धक्याची लक्षणे होत. परंतु रोजच्या वाटेवर हरवणे, आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रमच न आठवणे, पोटच्या मुलाला न ओळखणे ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे आहेत आणि स्मृतिभ्रंश हा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. अमेरिकेतील अल्झायमरच्या दर तीन रुग्णांपैकी जवळजवळ दोन स्त्रिया असतात. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वर्षे जगतात, हे त्याचे एक मोठे कारण होय. तेवढेच कारण पुरेसे आहे का, हा प्रश्न संशोधकांना अंडाशयापर्यंत घेऊन गेला. या पाठात आपण त्याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

अंडाशयाचा मेंदूशी संवाद

संप्रेरक म्हणजे एका अवयवाने रक्तात सोडलेला आणि दूरच्या अवयवाला कामाला लावणारा रासायनिक निरोप. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी दोन संप्रेरकांद्वारे अंडाशयाला निरोप पाठवते. उत्तरादाखल अंडाशय इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके रक्तात सोडते. ती पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचतात. हा संवाद केवळ मासिक पाळी आणि गर्भधारणा यांपुरताच आहे, अशी दीर्घकाळ समजूत होती.

1990 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वुली, ब्रूस मॅकईवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी मादी उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग तपासला. नवी आठवण घडते ती मुख्यतः येथे. येथील चेतापेशींच्या फांद्यांवर बाभळीच्या काट्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि या उंचवट्यांवरच शेजारच्या पेशींचे निरोप येऊन पोहोचतात. उंदराचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. त्या चक्रात इस्ट्रोजेन वाढले की हे काटे वाढत आणि ते ओसरले की अवघ्या एका दिवसात सुमारे 30 टक्क्यांनी घटत, असे दिसून आले. प्रौढ मेंदूची रचना स्थिर असते असे मानण्याच्या त्या काळात, दर काही दिवसांनी मेंदूतील जोडण्यांची अशी भरती-ओहोटी चालते, ही गोष्ट विलक्षण होती.

इस्ट्रोजेनची कामे येथेच संपत नाहीत. चेतापेशींना साखरेपासून ऊर्जा मिळवण्यास ते साहाय्य करते आणि मेंदूतील रक्तप्रवाहावरही त्याचा परिणाम होतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन आधी वरखाली होते आणि नंतर फारच कमी होते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, बोलता बोलता शब्द न सापडणे अशा तक्रारी या काळात अनेक स्त्रिया करतात. तुमच्या घरातील एखादी स्त्री या वयात ‘मला हल्ली काही लक्षातच राहत नाही’ असे म्हणत असेल, तर तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ आहे असे समजू नये. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत मेंदू नव्या स्थितीशी जुळवून घेतो.

पुरुषांमध्ये अशी एकाएकी घट होत नाही. त्यांचे टेस्टोस्टेरॉन वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. शिवाय मेंदूत आणि शरीराच्या इतर भागांतही असलेले एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. त्यामुळे वयस्क पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा सामान्यतः अधिक इस्ट्रोजेन आढळते. इस्ट्रोजेनला ‘स्त्रीचे संप्रेरक’ म्हणण्याची आपली सवय किती अपुरी आहे, ते यावरून ध्यानात येईल.

जे कमी झाले, ते बाहेरून दिले तर?

ही कल्पना अगदी स्वाभाविक आहे आणि जुनीही आहे. पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी 1889 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्याचा जोम परत मिळाल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. तो भास होता. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी 1942 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली, तो मात्र भास नव्हता. गरम वाफांवर ती खरोखर गुणकारी होती.

1990 च्या दशकात अनेक निरीक्षणात्मक अभ्यास प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अल्झायमरचे प्रमाण कमी आहे, असे त्यांत दिसत होते. येथे क्षणभर वाचन थांबवा आणि स्वतःला विचारा : या निष्कर्षात कोणती त्रुटी असू शकेल?

त्रुटी अशी की, संप्रेरके कोणी घ्यायची हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या, अधिक शिकलेल्या, बऱ्या आर्थिक स्थितीतील आणि मुळात प्रकृतीने धड असलेल्या स्त्रियाच ती अधिक प्रमाणात घेत होत्या. मग त्यांचे रक्षण गोळीने केले की त्यांच्या परिस्थितीने? याचा निवाडा करायचा तर कोणाला खरी गोळी आणि कोणाला औषधविरहित गोळी मिळणार, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते.

अमेरिकेत नेमके तेच करण्यात आले. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या विशाल चाचणीच्या अंतर्गत 65 ते 79 वयाच्या 4,532 स्त्रियांच्या स्मृतीचा पाठपुरावा झाला. निम्म्यांना इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टेरॉन यांची एकत्रित गोळी मिळाली. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. स्मृतिभ्रंशाची संभाव्य नोंद झालेल्या 61 स्त्रियांपैकी 40 जणी संप्रेरके घेणाऱ्या होत्या, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या 21. धोका कमी होणे दूरच, तो दुप्पट झाला होता. मात्र ‘दुप्पट’ हा शब्द वाचताना सावध असावे. दरवर्षी दहा हजार स्त्रियांमागे 22 ऐवजी 45 जणींना आजार, असा त्याचा अर्थ होतो. वाढ खरी आहे. पण गोळी घेणाऱ्या प्रत्येकीवर ते संकट ओढवले, असे नव्हे.

मग उंदरांवरील प्रयोग खोटे होते काय? येथे संशोधकांचे लक्ष ‘किती’ या प्रश्नावरून ‘केव्हा’ या प्रश्नाकडे वळले. चाचणीतील स्त्रियांची पाळी थांबून बरीच वर्षे उलटली होती. इतका काळ इस्ट्रोजेनविना राहिलेला मेंदू ते एकाएकी मिळाल्यास वेगळा प्रतिसाद देत असेल. उपचार रजोनिवृत्तीच्या आरंभीच सुरू केले, तर लाभ होईल. या विचाराला ‘निर्णायक काळाची उपपत्ती’ असे म्हणता येईल. कल्पना आकर्षक होती. पण नुकतीच रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांवर ज्या चाचण्या पुढे झाल्या, त्यांत चार-पाच वर्षांच्या उपचारांनंतर स्मरणशक्ती ढासळली नाही, तशी सुधारलीही नाही. म्हणून आज गरम वाफांच्या त्रासासाठी, साठीच्या आत आणि वैद्यकीय सल्ल्याने संप्रेरके देण्यास आधार आहे. केवळ स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ती घेण्यास नाही. टेस्टोस्टेरॉनची गतही निराळी नाही. 65 वर्षांवरील, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांना वर्षभर ते देऊनही स्मरणशक्ती सुधारली नाही, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. वृत्तपत्रांतील ‘पुन्हा तारुण्य’ छापाच्या जाहिराती वाचताना हे स्मरणात ठेवावे.

अकाली रजोनिवृत्ती

‘केव्हा’ हा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो येथे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी, रजोनिवृत्तीपूर्वीच शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या स्त्रियांचा अनेक दशकांचा मागोवा घेतला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, अशा स्त्रियांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश किंवा बौद्धिक ऱ्हास अधिक आढळला आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितके कमी, तितका धोका अधिक होता. हाही निरीक्षणात्मक अभ्यासच आहे, तेव्हा वर सांगितलेली सावधगिरी येथेही बाळगावी लागेल. तरीही वयानुसार चढत जाणारा हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शस्त्रक्रियेविषयी बोलताना आपल्याकडे ‘पिशवी काढली’ असा एकच शब्दप्रयोग रूढ आहे आणि त्यात दोन भिन्न गोष्टी दडून जातात. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, पण अंडाशये शाबूत असतात व संप्रेरके तयार होत राहतात. काही स्त्रियांमध्ये मात्र अंडाशयांचे कार्य अपेक्षेपेक्षा लवकर मंदावते. दोन्ही अंडाशये काढल्यास इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळते. जे नैसर्गिकरीत्या भारतीय स्त्रीच्या आयुष्यात सुमारे 46-47 व्या वर्षी घडते, ते तिशीत, एका दिवसात घडते.

हा केवळ परदेशातील प्रश्न नव्हे. 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते आणि त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. पाळीच्या दिवसांत काम चुकले की खाडा पडतो, मुकादमाची उचल फिटत नाही. उसाच्या फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी. अंगावर जाणे, ओटीपोटात दुखणे अशा साध्या उपचारांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारींवरही शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि तो मानला गेला. त्या पाहणीचा विषय स्मृतिभ्रंश नव्हता. परंतु ज्यांची अंडाशयेही काढली गेली असतील, त्यांच्या हाडांचे, हृदयाचे आणि मेंदूचे वार्धक्य फड सुटल्यावरही त्यांच्यासोबत चालणार आहे.

अशा स्त्रियांसाठी मात्र चित्र निराळे आहे. पंचेचाळिशीच्या आत, विशेषतः चाळिशीच्या आत अंडाशये गमावलेल्या स्त्रीला, अन्य वैद्यकीय अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असा वैद्यकीय संकेत आहे. मेयोच्या अभ्यासातही, अंडाशये काढल्यानंतर किमान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांमध्ये वाढीव धोका आढळला नव्हता. 75 व्या वर्षी दिलेली गोळी आणि 35 व्या वर्षी दिलेली गोळी यांत द्रव्य एकच असले, तरी उपचार एक नव्हेत.

तेव्हा तुमच्या घरात वा शेजारी कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद शोधून पाहावा. बहुधा तो शिधापत्रिकेच्या पिशवीतच ठेवलेला असतो. केवळ गर्भाशय काढले की एक किंवा दोन्ही अंडाशयेही काढली, ही नोंद त्यावर असते. शस्त्रक्रिया अद्याप व्हायची असेल, तर हाच प्रश्न डॉक्टरांना आधी विचारता येतो.