पिंजऱ्यातील शीळ

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी व्हरांड्यात टांगलेला एखादा पिंजरा असेल आणि त्यात हिरव्या-पिवळ्या किंवा निळ्या-पांढऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी असेल. बाजारात त्यांस ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः ते नाव आफ्रिकेतील निराळ्याच पक्ष्यांचे. हे आहेत ऑस्ट्रेलियातील बजरीगर. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडात आणले व पुढे ते घरोघरी पसरले. आपले देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई असल्याने हौशी माणूस बहुधा या परदेशी पाहुण्याकडेच वळतो.

त्याची किलबिल दिवसभर चालू असते. कोणी तिला गाणे म्हणतो, कोणी कटकट. पण त्या आवाजांत भेद आहेत, आणि ते ओळखता न आल्यास मुका जीव नाहक दुःख भोगतो.

सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारी आखूड शीळ म्हणजे हाक होय. मूळच्या कोरड्या माळरानात हे पक्षी दाणापाण्याच्या शोधात थव्याथव्यांनी भटकतात. थव्यातून चुकलेला पक्षी ससाण्याचे भक्ष्य होण्यास वेळ लागत नाही. म्हणून ‘मी येथे आहे, तू कोठे आहेस?’ अशी विचारणा अखंड चालते. एकत्र राहणाऱ्या पक्ष्यांच्या हाका काही आठवड्यांत परस्परांसारख्या होतात. जोडी जमताना तर नर मादीची हाकच उचलतो. व्हेनेझुएलातील एका लहान पोपटाच्या जातीत आईबाप प्रत्येक पिलास वेगळी हाक देतात, जणू बारसेच करतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. घरट्यांतील अंडी बदलून पाहिली, तेव्हा पिलांनी जन्मदात्यांची नव्हे, तर पाळणाऱ्यांची धाटणी उचलली होती.

एकट्या पाळलेल्या पक्ष्याला थवा कोठला? घरची माणसे हाच त्याचा थवा. म्हणूनच तो माणसाचे शब्द शिकतो. कॅलिफोर्नियातील ‘पक’ नावाच्या बजरीगराच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम आहे. तो १९९४ साली मेला. बोलक्या पक्ष्याचे कौतुक सर्वांस असते. ते बोलणे एकाकीपणातून उपजले आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता घरातील माणूस उठून स्वयंपाकघरात गेला की पिंजऱ्यात हलकल्लोळ का माजतो, हे कळण्यास अडचण पडू नये. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी पिंजऱ्यावर फडके टाकतात. विचारणाऱ्यास उत्तर न देता अंधारकोठडीत कोंडण्याचाच हा न्याय! त्याऐवजी आतूनच एक ठरावीक, लहानशी शीळ घालावी. उत्तर येते असा अनुभव दोन-चार दिवस आला की बहुतेक पक्षी शांत होतात. मात्र प्रतिसाद मंद हाकेला द्यावा. किंकाळी ऐकून धावत गेल्यास किंकाळी फळते, हेच तो शिकतो.

नराची लांबलचक, पुटपुटल्यासारखी बडबड समाधानाची असते. पुष्कळदा ती मादीच्या आराधनेसाठीही चालते. सायंकाळी झोपेपूर्वी चोच घासल्याचा करकर आवाज येतो; तोही स्वस्थतेचाच. एकच तीक्ष्ण चित्कार होऊन सारे एकाएकी स्तब्ध झाले, तर मांजर वा घार जवळ आहे काय, ते पाहावे.

परंतु सर्वांत गंभीर अर्थ मौनाचा. आजारी पक्षी शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून आपले दुखणे शेवटपर्यंत लपवितो. रोज पहाटे बोलणारा पक्षी गप्प झाला, पिसे फुगवून बसला, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होऊ लागली किंवा बारीक टकटक ऐकू आली, तर तो शहाणा झाला असे मानू नये. जेमतेम ३०-४० ग्रॅम वजनाचा हा देह अन्नावाचून फार काळ तग धरीत नाही. घरगुती औषधात वेळ न दवडता त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे. नेताना पिंजऱ्याभोवती उबेपुरते वस्त्र गुंडाळावे, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवावी, आणि वाटेत ओळखीची शीळ घालीत राहावे.