माल आपला, पण काठी कुठवर?

रात्री गोदामासमोर टेम्पो उभा करावा आणि सकाळी सेल्फ मारला तर गाडीने हूं की चूं करू नये, हा अनुभव आमच्या भिवंडीच्या कापड बाजारात कोणाला नवा नाही. ड्रायव्हर खाली उतरून आधी बॅटरीचा डबा बघतो. डबा उघडा, वायरी कापलेल्या. कधी स्टेपनी जाते, कधी डिझेल. मारुती ईकोवाल्यांचे तर सायलेन्सर जातात. त्यात धूर साफ करणारा जो भाग असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. चोर रात्री गाडीखाली शिरतो, नट खोलतो आणि आतली मातीसारखी दिसणारी भुकटी विकतो. गाडीवाल्याला पत्ता लागतो तो सकाळी, गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडू लागल्यावर.

नुकसान फक्त बॅटरीचे नसते. पार्टीला सकाळी ग्रे पोहोचवायचे कबूल केलेले असते, हमाल येऊन बसलेले असतात, दुसरा टेम्पो भाड्याने घ्यावा लागतो. म्हणून चोर हाताला लागला की लोकांचे डोके फिरते. ते आम्ही समजू शकतो. आमच्याही तीन बॅटऱ्या गेल्या आहेत. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातच जे घडले, त्यामुळे हा मजकूर लिहायला बसलो आहोत.

आमच्या पुतण्याचा लहानसा कारखाना आहे, बारा लूम. पहाटे तीनच्या सुमारास बाहेर खडखड झाली म्हणून तो आणि दोन कारागीर बाहेर आले. एक पोरगा टेम्पोची बॅटरी काढून निघाला होता. आरडाओरड होताच त्याने बॅटरी टाकली आणि पळाला, पण गटारापाशी पाय घसरून पडला. त्याला धरून आणले आणि शेडच्या खांबाला बांधले. तिथवर ठीक म्हणा किंवा न म्हणा, पुढे पुतण्याने लूमची लोखंडी सळई उचलली. पोराच्या पायाचे हाड मोडले. सकाळी पोलिस आले, तेव्हा दोन गुन्हे नोंदले गेले. एक चोराविरुद्ध, एक आमच्या पुतण्याविरुद्ध.

"चाचा, चोर तो होता ना? मग केस माझ्यावर कशी?" हाच त्याचा सवाल. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, कायद्याचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही आम्हाला जड. म्हणून वकीलसाहेबांच्या ऑफिसात चार संध्याकाळी बसून हे समजून घेतले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे नंबर बदलले, पण मालमत्तेच्या बचावाचा हक्क जुनाच आहे, आता कलम ३४ ते ४४ मध्ये. आपला माल कोणी चोरत असेल तर त्याला अडवण्याचा, धक्का देण्याचा, माल हिसकावून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. घाबरून पळून गेले पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण दोन अटी आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हात चालवायचा नाही. शिवाय हा हक्क संपतो कधी, तेही लिहिलेले आहे. चोर माल घेऊन निसटला, पोलिसांची मदत मिळाली किंवा माल परत हाती आला, की हक्क संपला. पुतण्याची बॅटरी तर गटारापाशी परत मिळाली होती. पोरगा खांबाला बांधलेला होता. त्यानंतर उचललेली सळई हा बचाव नव्हे, ती मारहाण झाली.

रात्री कुलूप फोडून घरात-गोदामात शिरणे, जबरी चोरी, आग लावणे, किंवा चोरी करताना आपल्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा खरा धोका असणे, एवढ्याच प्रसंगी कायदा जास्त सूट देतो. रस्त्यावर उभ्या टेम्पोची बॅटरी काढणारा निःशस्त्र पोरगा त्यात बसत नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे आहेत. आणि लोखंडी सळईसारख्या वस्तूने हाड मोडले तर दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेपही. हिशोब कोणी करावा?

काही भाऊ गोदामाच्या पत्र्याला रात्री करंट सोडतात. तेही ऐकून घ्या. बिहारच्या एका खटल्यात घरमालकाने संडासाच्या वाटेवर उघडी वायर लावली होती, शेजारची बाई त्यात गेली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने घरमालकाची शिक्षा कायम ठेवली. ती बाई परवानगीशिवाय आली होती, ही सबब चालली नाही.

जून २०१९ मध्ये झारखंडच्या सरायकेला-खरसावां जिल्ह्यात मोटारसायकल चोरीच्या संशयावरून एका तरुणाला खांबाला बांधून मारले, तो काही दिवसांनी वारला. ती बातमी वाचून आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात लोक रडले होते. २०२३ साली त्यात दहा जणांना दहा वर्षांची सजा झाली. आमच्या पुतण्याच्या शेडमधला खांब बघताना आम्हाला तेच आठवत होते. त्याला आम्ही हे बोललोही. तो खाली मान घालून बसला.

आता तक्रारीचे. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असला की ठाण्यात बहुधा एन.सी. लिहून चिठ्ठी हातात देतात. नव्या कायद्यात साधी चोरी एवढ्या किमतीपर्यंत अदखलपात्रच आहे. पण मालवाहू गाडीतून वस्तू चोरली तर न्याय संहितेत वेगळे कलम आहे, ३०५. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून तक्रारीत "माझी गाडी" एवढेच लिहू नका. मालवाहतुकीचा टेम्पो आहे हे लिहा, आर.सी.ची झेरॉक्स आणि बॅटरीचे बिल जोडा. एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. चोर हाती लागलाच तर त्याला पोलिसांच्या हवाली करायला सहा तासांची मुदत आहे. खरे तर सहा मिनिटांत फोन लावावा.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना कडवट लागेल. चोराकडची बॅटरी घेणारा कोणीतरी असतोच. गॅरेजवाले, भंगारवाले, जुन्या पार्टांचे दुकानदार यांत आपली बिरादरी मोठी आहे, कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत. बहुतेक ईमानदारीने कमावतात. परंतु रात्री दोन वाजता निम्म्याहून कमी भावात सायलेन्सर आणणाऱ्याला "कुठून आणला" हे न विचारणे, यालाही कायद्यात नाव आहे. चोरीचा माल माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेतला तर कलम ३१७ लागते, त्यातही तीन वर्षे आहेत, आणि हा धंदाच करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. एका मिस्त्रीभाईने वही ठेवली आहे. विकणाऱ्याचे नाव, आधारची झेरॉक्स, गाडीचा नंबर, सही. ते म्हणतात, वही काढली की अर्धे लोक चहा न पिताच परत जातात.

आम्ही स्वतः बॅटरीच्या डब्याला लोखंडी पट्टी वेल्डिंग करून कुलूप लावले, बॅटरीवर गाडीचा नंबर कोरून घेतला आणि गल्लीतल्या सात दुकानदारांनी मिळून एक वॉचमन ठेवला. महिन्याला माणशी जो खर्च येतो, तो वकीलसाहेबांच्या एका तारखेपेक्षा कमी आहे.

पुतण्याला या वर्षी दुबईला एका दुकानात भागीदारीसाठी जायचे होते. पासपोर्टची मुदत संपली आहे आणि कोर्टात केस चालू असल्यामुळे नवा अडकला आहे. त्यासाठी कोर्टाची परवानगी मागणारा अर्ज दिला आहे. तो पोरगा अजून लंगडतो. पुढची तारीख ईदनंतरची आहे.