बंद कारखान्याचे आवार आणि रेल्वेचे साठवण-यार्ड

नवा रेल्वेमार्ग म्हटला की सामान्यतः भराव, पूल आणि रूळ एवढ्याच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. परंतु रूळ जागेवर बसण्यापूर्वी कोठेतरी उतरवावे लागतात, मोजावे लागतात आणि काम पुढे सरकेल तसतसे पाठवावे लागतात. त्यासाठी लागणारी जागा म्हणजे साठवण-यार्ड. मार्गाच्या आखणीची चर्चा गावोगाव होते. यार्डाची मात्र फारशी होत नाही. वस्तुतः ही जागा कोठे घेतली जाते यावर अनेक शेतकरी कुटुंबांचे हिताहित अवलंबून असते. स्थानकालगत बंद पडलेल्या कारखान्याचे आवार उपलब्ध असेल तर ते या कामी आणता येईल काय, आणता येत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

साहित्याचा पसारा

या साहित्याचा पसारा किती असतो हे साध्या गणिताने समजू शकेल. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोग्रॅम वजनाचा रूळ वापरला जातो. एक किलोमीटर मार्गास दोन्ही बाजू मिळून दोन हजार मीटर रूळ लागतो. म्हणजे 120 टन पोलाद झाले. त्याखाली किलोमीटरला 1,660 या प्रमाणात काँक्रीटचे स्लीपर बसविले जातात. एका स्लीपरचे वजन सुमारे पावणेतीनशे किलोग्रॅम धरले तरी हा भार साडेचारशे टनांच्या घरात जातो. शिवाय सुमारे दोन हजार घनमीटर खडी लागते, ती वेगळीच.

हे प्रमाण आता बोदवडला लावून पाहू. पाचोरा-जामनेर ही 762 मिलिमीटर रुंदीची, सुमारे 56 किलोमीटर लांबीची छोटी रेल्वे 1918-19 मध्ये सुरू झाली आणि शंभर वर्षे या भागातील शेतकऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली. 2020 मध्ये तिची वाहतूक थांबली. हा मार्ग 1,676 मिलिमीटरच्या रुंद मापात बदलून जामनेरहून पुढे बोदवडपर्यंत नेण्याचा 84 किलोमीटरचा प्रकल्प रेल्वेने आखला आहे. वरील हिशेबाने एवढ्या मार्गास दहा हजार टनांहून अधिक रूळ आणि सुमारे 1 लाख 39 हजार स्लीपर लागतील. स्थानकांतील जादा मार्गांचे साहित्य यात धरलेले नाही. हे सर्व एकाच दिवशी येत नाही हे खरे. परंतु जे येईल ते ठेवावयास जागा हवीच.

बोदवडचे स्थान

बोदवड हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील भुसावळ-नागपूर मार्गावरील स्थानक आहे. हा मार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. रेल्वेमुळे खानदेश व वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. स्थानकांच्या आसपास सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. गाठी बैलगाडीतून मालधक्क्यावर नेण्याचे अंतर जितके कमी तितका खर्च कमी, हे या रचनेमागील कारण होते. आपल्याकडे जुन्या जिनांची आवारे रेल्वेमार्गाच्या इतकी निकट आढळतात ती यामुळेच.

पुढे वाहतूक मालमोटारींकडे वळली, यंत्रे बदलली आणि जुने कारखाने एकामागून एक मागे पडले. काही नव्या यंत्रांनिशी चालू राहिले, काही बंद झाले. बंद आवारांचे पुढे काय होते याचे एक उदाहरण जळगावात आहे. 1870 च्या दशकात स्थापन झालेली खानदेश मिल स्थानकाच्या जवळच होती. ती बंद पडल्यानंतर त्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले. शहराच्या दृष्टीने ते स्वाभाविक असेल. पण रेल्वेलगतची जागा एकदा इमारतींखाली गेली की ती रेल्वेच्या उपयोगास पुन्हा येत नाही. लहान गावांतून हा पर्याय अद्याप खुला असू शकतो.

शेतजमीन की ओसाड आवार

बोदवड 1999 मध्ये स्वतंत्र तालुका झाला. हा पट्टा मुख्यतः पावसावर अवलंबून असलेला. पूर्णा नदीचे पाणी उचलून ते जळगाव व बुलढाणा जिल्ह्यांतील कोरडवाहू क्षेत्रास देण्यासाठी बोदवड परिसर सिंचन योजना आखण्यात आली आहे. आज एक पीक देणारी जमीन उद्या दोन पिके देऊ शकेल, ही त्यामागील अपेक्षा होय. अशा जमिनीवर काही वर्षे खडीचे ढीग व स्लीपरच्या थप्प्या पडल्या आणि अवजड वाहने फिरली, तर माती इतकी दबते की यार्ड हलविल्यानंतरही ती पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो.

येथे कायद्याची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. 2013 च्या भूमिसंपादन कायद्याच्या कलम 10 अन्वये बहुपीक सिंचित जमीन केवळ अपवादात्मक परिस्थितीत, अखेरचा उपाय म्हणूनच संपादन करता येते. परंतु रेल्वे, महामार्ग यांसारख्या रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना हे कलम लागू नाही. विशेष रेल्वे प्रकल्पासाठी जमीन घेताना रेल्वे अधिनियम, 1989 मधील तरतुदी लागू होतात. त्यांनुसार अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांच्या आत हितसंबंधित व्यक्तीस हरकत नोंदविता येते. म्हणजेच चांगली शेतजमीन वाचविण्याचे काम केवळ कायद्यावर सोपवून भागणार नाही. पर्यायी जागा कोणती, हे वेळेवर दाखवून देणे आवश्यक ठरते. रूळमार्गाची आखणी बदलणे अवघड असते. यार्डाची जागा बदलणे त्या मानाने सोपे असते.

आवार यार्डास योग्य केव्हा?

बंद आवार रेल्वेलगत आहे एवढ्याने ते यार्डास योग्य ठरत नाही. पहिली कसोटी लांबीची. मालगाडीचा एक उघडा डबा सुमारे पावणेअकरा मीटर लांब असतो; 58 डब्यांची गाडी इंजिनासह साडेसहाशे मीटरच्या पुढे जाते. कारखान्यात जोडलेले रूळ 260 मीटर लांबीच्या अखंड पट्ट्यांत येतात आणि त्यांना वाकवून कोपऱ्यात ठेवता येत नाही. जिनाचे आवार बहुधा चौकोनी व काही एकरांचे असते. तेव्हा संपूर्ण यार्ड एकाच जुन्या आवारात सामावेल अशी अपेक्षा ठेवू नये. लांब रूळ स्थानकाच्या हद्दीत मार्गालगत उतरवावे. स्लीपर, जोडसामान, सुटे भाग, यंत्रे व इंधन आवारात ठेवावे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. यामुळेही शेतजमिनीची गरज बरीच कमी होते.

दुसरी कसोटी उताराची. उभे असलेले डबे आपोआप घरंगळू नयेत म्हणून स्थानकाच्या यार्डात 400 मीटरला 1 मीटर यापेक्षा अधिक उतार सामान्यतः चालत नाही. 1,200 मीटरला 1 मीटर हा उतार इष्ट मानला जातो. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीनही या मापात बसेलच असे नाही. म्हणून प्रथम पातळी मोजून घ्यावी.

तिसरी कसोटी विजेच्या तारांची. मुख्य मार्गावरील तारांत 25 हजार व्होल्टचा दाब असतो. त्यांच्याखाली क्रेनने साहित्य उचलणे धोक्याचे आहे. म्हणून ज्या मार्गावर साहित्य उतरवावयाचे त्यावर तारा नसाव्यात, किंवा उतरविताना वीजप्रवाह बंद ठेवण्याची व्यवस्था असावी. चौथी कसोटी रस्त्याची. मालमोटारी शाळेसमोरून वा आठवडे बाजारातून जाणार असतील, तर जागा कितीही सोयीची असली तरी गावास ती महागात पडेल.

जमिनीच्या पोटात काय आहे?

खानदेशातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट थप्पी रचली तर ती एका बाजूला कलते. म्हणून वरचा थर काढून त्या जागी चांगल्या मुरमाचा दाबलेला थर द्यावा लागतो व चोहोबाजूंनी चर काढावे लागतात. जुन्या आवाराचा एक फायदा असा की, वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने तेथील जमीन बरीच घट्ट झालेली असते. काढलेली काळी माती मात्र वाया जाऊ देऊ नये. ती शेतकऱ्यांना देता येईल.

तोट्याची बाजूही पाहिली पाहिजे. जुन्या वाफेच्या यंत्रांचे पाये, बाष्पकापासून धुराड्यापर्यंत जाणारे जमिनीखालील धूरमार्ग, बुजविलेल्या वा झाकलेल्या विहिरी आणि तेलाच्या टाक्या यांचा नकाशा अनेकदा उपलब्ध नसतो. पोकळ जागेवर शेकडो टनांची थप्पी रचली गेली तर अपघात ओढवेल. अशा वेळी कारखान्यात पूर्वी काम केलेल्या वयस्क कामगारांची माहिती कागदपत्रांइतकीच मोलाची ठरते. छपरांवरील जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो. ते फोडल्यास उडणारी धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून पत्रे ओले करून, अखंड उतरवावेत व त्यांची विहित रीतीने विल्हेवाट लावावी. भंगार म्हणून ते गावातील गोठ्यांवर जाऊ देऊ नयेत.

अन्यत्रचा अनुभव

पुणे मेट्रोच्या वनाझ येथील आगाराची जागा हे महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण आहे. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जमिनीवर हे आगार उभारण्यात आले, आणि 6 मार्च 2022 रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय ही मार्गिका प्रवाशांसाठी खुली झाली. ती जागा कारखान्याची नव्हती. तथापि वापरातून गेलेल्या जमिनीची आधी साफसफाई करून मग गाड्या उभ्या करण्याची सोय करणे हे तत्त्व तेच आहे.

इंग्लंडमधील सेल्बी परिसरातील कोळसा खाणी 2004 मध्ये बंद झाल्या. तेथील गॅस्कॉइन वुड या ठिकाणी कोळसा भरण्यासाठी टाकलेले मार्ग शिल्लक होते; ते पुढे वापरात नसलेली इंजिने व डबे ठेवण्याच्या कामी आले. मार्ग उखडून भंगारात विकले असते तर हे शक्य झाले नसते. जर्मनीतील ऱ्हाइनहाउझेनचा क्रुप पोलाद कारखाना वाचविण्यासाठी कामगारांनी 1987-88 मध्ये मोठा लढा दिला. तरीही 1993 मध्ये तो बंद झाला. पुढे त्याच जागी जलमार्ग, रेल्वे व रस्ता यांना जोडणारे मालवाहतूक केंद्र उभारण्यात आले. जागेचा उपयोग झाला. परंतु पोलाद वितळविणाऱ्या कामगाराचे कौशल्य मालाच्या केंद्रात जसेच्या तसे कामी येत नाही, हेही त्या अनुभवाने दाखवून दिले.

कामगार, कर आणि मालकी

बंद आवारावर अनेकांचे हक्क असतात. बँकेचे कर्ज, वीज देयके, शासकीय महसूल आणि या सर्वांबरोबर कामगारांची थकलेली देणी यांचा निर्णय लागल्याखेरीज आवार ताब्यात घेणे म्हणजे वाद विकत घेणे होय. सात-बारा उतारा, फेरफार नोंदी, अकृषिक वापराचा आदेश आणि बोजाची नोंद ही कागदपत्रे प्रथम तपासावीत. भाडेपट्टा हा मार्ग तात्पुरत्या यार्डास अधिक सोयीचा असतो. मात्र त्यात मुदत, जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी आणि सांडपाण्याची व्यवस्था स्पष्ट लिहिलेली असावी.

स्थानिक संस्थेच्या उत्पन्नाचाही विचार करावा लागतो. खाजगी मालकीचे आवार करपात्र असते. ते रेल्वेच्या मालकीचे झाल्यास, केंद्र शासनाच्या मालमत्तेस राज्यघटनेच्या अनुच्छेद 285 अन्वये मिळणाऱ्या सवलतीमुळे तसेच रेल्वे अधिनियमातील तरतुदींमुळे, तो कर सहसा मिळत नाही. भाडेपट्ट्यात मालकी बदलत नाही. हा फरक वाटाघाटींपूर्वी माहीत असलेला बरा. रोजगाराबाबतही वाजवी अपेक्षा ठेवावी. यार्डास पहारेकरी, क्रेनचालक, हमाल व लेखनिक लागतात. परंतु जिनात हंगामात जेवढे हात लागत तेवढे यार्डात लागत नाहीत.

गावपातळीवर करण्याजोगे

नव्या मार्गाची मोजणी सुरू होण्यापूर्वीच स्थानकालगतच्या दोन-तीन किलोमीटर परिसरातील पडीक औद्योगिक जागांची यादी तयार करता येईल. जागेचे क्षेत्र, सर्वांत लांब सरळ बाजू, मार्गापासूनचे अंतर, रस्त्याची रुंदी, विहिरी, मालकी आणि बोजा, एवढी माहिती तलाठी व ग्रामसेवक यांच्या मदतीने संकलित होऊ शकते. माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना भूगोलाच्या क्षेत्रभेटीत असा नकाशा काढावयास लावणे हा उत्तम अभ्यास ठरेल. ही यादी ग्रामसभेपुढे ठेवून उपविभागीय अधिकारी व रेल्वेचे बांधकाम खाते यांच्याकडे पाठविली, तर हरकतीच्या 30 दिवसांत धावपळ करण्याची वेळ येणार नाही.

रेल्वे आली तेव्हा तिच्या आधाराने जिन उभे राहिले. आज रेल्वेचा नवा फाटा बोदवडपर्यंत यावयाचा असताना त्याच जिनांची ओस पडलेली आवारे रेल्वेस आधार देऊ शकतील. ती सर्वच योग्य ठरतील असे नाही. परंतु पडीक आवाराची तपासणी झाल्याखेरीज पिकाऊ शेतावर खूण पडू नये, एवढा क्रम जरी पाळला गेला तरी अनेक शेतकऱ्यांची जमीन त्यांच्याकडे राहील.