ट्रॉली येईपर्यंत

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि मंडळीची सेविका म्हणून बारामती-इंदापूरच्या गावांत फिरायला लागले, तेव्हा आमचे पाळकसाहेब म्हणाले होते, "बाई, रोजचा हिशेब लिहीत जा. पैशाचा नको, वेळेचा."

पहिल्या वर्षाची पानं आता वाचली की हसू येतं. एका मंगळवारची नोंद बघा. बारामती स्टँडवर एसटीची वाट, ५० मिनिटं. भिगवणपर्यंत प्रवास, पाऊण तास. पुढच्या जीपची वाट, ४० मिनिटं. ती भरल्याशिवाय हलत नाही. अंथरुणाला खिळलेल्या एका बहिणीजवळ प्रार्थना, २० मिनिटं. मग परतीची तीच रडकथा. पानाच्या तळाला लाल पेनाने मी लिहिलंय : सेवा, २० मिनिटं. उरलेला सगळा दिवस माझ्या लेखी वाया गेलेला.

मी शाळामास्तरीण. तास, मधली सुट्टी आणि घंटा यांत अठ्ठावीस वर्षं गेली. त्यात आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीला प्रवचनाचा विषय बहुतेक ठरलेला असतो : वेळेचा सदुपयोग. त्याला आधार पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा. मीही त्यावर बोलले आहे, आणि मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागेल म्हणून बायाबापड्यांना घाबरवलंही आहे. पुढे एका शिबिरात कळलं की त्या ठिकाणच्या मूळ ग्रीक क्रियापदाच्या पोटात 'बाजार' हा शब्द आहे. बाजारात जाऊन मोल देऊन सोडवून आणणं, असा त्याचा अर्थ. आणि तिथे वेळेसाठी वापरलेला शब्दही घड्याळाच्या वेळेचा नाही. तो 'कैरोस' आहे, म्हणजे नेमकी घडी, वाफसा आल्यावर पेरणीची असते तशी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मला लागलं.

समजावलं एका ऊसतोड बाईने. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या आमच्याकडे उतरतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, अशा कारखान्यांच्या फडांत नवरा-बायकोचा एक कोयता. पहिल्या वर्षी मी सकाळी दहाला त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर गेले, तर एक म्हातारी आणि चार-पाच लेकरं. संध्याकाळी गेले तर चुली पेटलेल्या, बायांना मान वर करायला फुरसत नाही. रात्री गाडी भरायची, पहाटे पुन्हा फडात. एकदा एकीला मी ताप आलेल्या तिच्या मुलाबद्दल विचारत होते आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून मनगटाकडे बघत होते. ती म्हणाली, "बाई, आधी ते घड्याळ बघून घ्या. तुमचं झालं की मंग बोलते मी." मला काही सुचेना. त्या दिवसाचं पान मी कोरंच ठेवलं.

तेव्हा आजी आठवली. माझी आजी केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात वाढली. मोरगाव, सुपे, चौफुला ओलांडलं की केडगाव आलंच. बारामतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राईस्टचे मिशनरी येऊन राहिले, पण आमच्या घरात 'मिशन' म्हटलं की केडगावच. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळातल्या उपाशी मुली या केडगावच्या माळावर वसवल्या. शेकडो मुलींचं जेवणखाण, दुखणीखुपणी आणि शाळा सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मग मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. संस्कृतच्या पंडिता त्या, जडजंबाल मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. त्यांना मात्र साधी, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी भाषा हवी होती. त्यासाठी पंधराहून अधिक वर्षं गेली. छपाई तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासायला देवाकडे दहा दिवस मागून घेतले होते, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं.

आजी छापखान्यात खिळे जुळवायला शिकली होती. जुळवलेला मजकूर सुट्टा करून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकणं, हे तिचं पोरपणीचं काम. "त्यात काय गं सेवा?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "चुकीच्या खणात पडला तर उद्याच्या पानात चूक."

आमच्या सभा-संमेलनांत शाल-नारळ आणि सत्कारांत दोन-दोन तास जातात. ते तास कुणाच्याच वहीत वाया गेलेले म्हणून लिहिले जात नाहीत. असो, हे वाचून कुणी मला सत्काराला बोलवणार नाही, तेवढाच वेळ वाचला.

दुसऱ्या हंगामात माझ्या ध्यानात आलं की या बायांनाही दिवसातून एकदा रिकामं बसावं लागतं. ऊस तोडून मोळ्या बांधून झाल्या, की ट्रॅक्टरची ट्रॉली येईपर्यंत. कारखान्याच्या गव्हाणीवर गाड्यांची रांग लागली किंवा गाळप बंद पडलं, की हा वेळ तासांनी वाढतो. त्यांची वाट बघण्याची वेळ आणि माझी वाट बघण्याची वेळ मी जुळवून घेतली. आता मी दुपारी तीनच्या एसटीने जाते आणि थेट फडात, मोळीवर बसते.

तिथे मी करते काय? प्रार्थना कुणी मागितली तर करते. त्यांच्यातलं कुणी ख्रिस्ती नाही आणि तो विषय मी आपणहून काढत नाही. विचारलं तर सांगते. बहुतेक वेळ जातो तो एका दुसऱ्याच कामात. मुकादमाची उचल किती, किती टन तोडला, खाडे किती पडले, हे बायांना तोंडपाठ असतं, पण कागदावर काहीच नसतं. हंगाम संपून पट्टा पडल्यावर हिशेबाला बसलं की मुकादमाचा कागद खरा ठरतो. म्हणून मी लिहून देते. एकीला आकडे येतात, ती आता स्वतः लिहिते आणि मी तपासते, जुन्या सवयीने चुकलेल्या बेरजेखाली रेघ मारून. पाळकसाहेबांनी दिलेल्या वहीची मागची पानं अशी भरली आहेत.

परवा अंधार पडेपर्यंत ट्रॉली आली नाही. माझी एसटी केव्हाच गेली होती. घड्याळवाली ती बाई शेजारी बसून वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, आलेले पैसे सांगत होती आणि मी मोबाईलच्या उजेडात लिहीत होते. लांब बांधावर ट्रॅक्टरचे दिवे दिसले तशी ती उठली, डोईला फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, "राहू द्या आता. बाकीचं उद्याला. आमच्या मुकादमाला सांगते, तुमाला मोटरसायकलवर भवानीनगरला सोडंल."

मुकादमाने सोडलं. वही मी पदराखाली धरली होती.